चाकाखालची माती : वाचकांची पत्रं, माझी उत्तरं

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले, की दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी साताऱ्यातले आम्ही आठ-दहा जण आपापल्या गाड्या घेऊन भेटतो आणि वर्षातून चार-पाचदा माणदेशाच्या माळावर अर्ध्या दिवसाची फेरी काढतो. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आली की या वेळी मायलेज, इंजिन ऑइल आणि ‘पंधरा लाखांत कोणती घेऊ’ हे सगळं बाजूला ठेवलंय. ते पुढच्या महिन्यात.

नव्या वाचकांसाठी थोडंसं. माझे वडील म्हसवड-दहिवडी रस्त्यावर वडाप चालवायचे. टेम्पो ट्रॅक्स. मी गाडी शिकले तीही त्याच ट्रॅक्सवर, तिन्हीसांजेला शेवटची फेरी संपल्यावर. पुढे 31 वर्षं बँकेत काढली, आता निवृत्त आहे. दारात 2004 ची जिप्सी आणि एक साधी टू-व्हील, म्हणजे इंजिनाचा जोर दोनच चाकांना मिळणारी बोलेरो. मी मेकॅनिक नाही. गाड्या रुतवून-रुतवून शिकलेली बाई आहे, एवढं धरून वाचावं.

ताई, सहा महिन्यांपूर्वी थार घेतली. गावातल्या थार, स्कॉर्पिओ, जिम्नीवाल्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. बघता बघता 140 जण झाले. पहिल्या भेटीला 60 जणांनी ‘येतो’ म्हणून अंगठा दाखवला आणि आले पाच. सगळा उत्साह गेला. काय चुकलं? — एक थारवाला, बार्शी

काही चुकलं नाही. साठ आले असते तर उभ्या कुठे केल्या असत्या? चहाच्या टपरीसमोर साठ गाड्या म्हणजे वाहतूक पोलिसाला आवतणच. पाच आले ना, मग तेच तुमचे. बाकीचे 135 जण सकाळी फुलांचे फोटो पाठवायला उपयोगी पडतील.

पहिल्या दोन भेटींत गाडी रस्त्याखाली उतरवूच नका. आदल्या आठवड्यात एखाद्या हॉटेलवाल्याला स्वतः जाऊन भेटा, सात-आठ गाड्या येतील, तास-दीड तास थांबतील, खाणं तुमच्याकडेच होईल असं सांगा. पार्किंग त्याचं, त्यामुळे मोठमोठ्याने गाणी लावायची नाहीत, हेही तिथेच ठरवा. वेळ सकाळी सातची. साडेनऊला सगळे मोकळे. रविवारी माणसाला घरची कामं असतात, आणि दुपारपर्यंत लांबलेल्या भेटीला पुढच्या वेळी घरून परवानगी मिळत नाही. मी अकरा वर्षं बघतेय.

मग भेटून करायचं काय? आम्ही पहिल्या भेटीत ‘हूक शोधा’ खेळलो होतो. ज्याने-त्याने आपल्या गाडीचा टोचनचा हूक शोधून, लावून दाखवायचा. सात गाड्यांपैकी चौघांना सापडला नाही. बऱ्याच नव्या गाड्यांना तो बाहेर नसतोच. बंपरवर काडेपेटीएवढं एक झाकण असतं, ते उचकटलं की आत आटे पाडलेलं भोक दिसतं. हूक टूलकिटमध्ये पडलेला असतो, तो त्यात फिरवून बसवायचा आणि पान्ह्याने शेवटपर्यंत आवळायचा. काही गाड्यांत आटे उलटे असतात, म्हणजे अंधारात, चिखलात गुडघे टेकून हा शोध लावण्यापेक्षा मिसळ येईपर्यंत लावलेला बरा. दुसरा खेळ स्टेपनीचा. उतरवून पुन्हा चढवायची. आमच्यातल्या एकाने सहा वर्षांत स्टेपनी खाली काढलीच नव्हती. नट गंजलेला, आणि चाक निघालं तेव्हा त्यात हवा होती नऊ पीएसआय (टायरमधल्या हवेच्या दाबाचं माप). त्याच गाडीने तो बायका-मुलांसह दोनदा गोव्याला जाऊन आला होता.

तिसऱ्या भेटीला फेरी काढा. जास्तीत जास्त सात गाड्या. कारण साधं गणिताचं आहे. एका अवघड जागी एका गाडीला दहा मिनिटं धरली, तर वीस गाड्यांना तीन तासांच्या वर लागतात. त्यातली पोरं उन्हात रडणार, मोठी माणसं चिडणार, आणि विसावी गाडी येईपर्यंत त्या जागेचा पार चिखल झालेला असणार.

माझी स्कॉर्पिओ टू-व्हील आहे. इथल्या ग्रुपमध्ये ‘ओन्ली फोर-बाय-फोर’ असं लिहिलंय, म्हणजे चारही चाकांना जोर असलेल्याच गाड्या. मग आमच्यासारख्यांनी गाडी मॉलमध्येच न्यायची का? — सांगलीहून एक नाराज

तसं लिहिणाऱ्याला माझ्या वडिलांची ट्रॅक्स दाखवायला हवी होती. तीही मागच्या दोन चाकांवरच चालायची, आणि आत माणसं किती असायची ते आरटीओच्या कानावर जाऊ नये म्हणून सांगत नाही.

माणगंगेच्या पात्रातून एक जवळची वाट होती. पाणी आठ-नऊ महिने नसायचंच, वाळू मात्र घोट्याएवढी. ट्रॅक्स पात्रात उतरायच्या आधी वडील खाली उतरायचे, बाभळीचा एक काटा तोडायचे आणि मागच्या दोन्ही चाकांच्या व्हॉल्व्हची सुई त्या काट्याने दाबून धरायचे. फस्स करून हवा जायची. पीएसआय वगैरे त्यांच्या गावीही नव्हतं. टायरचं पोट जमिनीवर किती पसरलं तेवढं बघायचे, बुटाचं टोक त्याला लावून अंदाज घ्यायचे आणि काटा कानावर ठेवून द्यायचे. विडीसारखा. मग पुरुष माणसं खाली, बायका-पोरं आत, दुसऱ्या गियरमध्ये एका दमात पलीकडे. मध्ये ना ब्रेक, ना गियर बदल. पलीकडे गेल्यावर पंक्चरवाल्यापर्यंत बैलगाडीच्या वेगाने जायचं आणि हवा भरून घ्यायची.

फोर-बाय-फोर नसलेल्या गाडीची निम्मी अडचण या काट्याने सुटते. हवा कमी केली की टायर लांबट पसरतो, जास्त जमीन धरतो, आणि दगडावर ताठ उडण्याऐवजी त्याला कवेत घेतो. रस्त्यावर तुम्ही 32 ठेवत असाल तर मुरूम-मातीच्या वाटेवर 22-24 वर या. नवख्याने 18 च्या खाली जाऊ नये, वळताना टायर रिमवरून निसटतो. आणि परत डांबरीवर येताच हवा भरायची. कमी हवेवर सत्तर-ऐंशीने पळवलेला टायर तापून फुटतो. म्हणून बारा व्होल्टचा छोटा पंप प्रत्येक दोन गाड्यांमागे एक तरी हवा.

टू-व्हील गाडी अडते कुठे, तर एक चाक अधांतरी झालं की. डिफरन्शियल म्हणजे इंजिनाचा जोर दोन चाकांत वाटणारा भाग. त्याचा स्वभावच असा, की ज्या चाकाला फिरायला सोपं, त्यालाच तो फिरवतो. म्हणजे हवेतलं चाक गरगर फिरतं आणि जमिनीवरचं ढिम्म. फोर्सच्या गुरखा गाडीला याच कारणासाठी पुढे-मागे दोन्हीकडे डिफरन्शियलचं लॉक दिलेलं असतं, म्हणजे दोन्ही चाकं बरोबरच फिरतात. साध्या गाडीने म्हणून तिरके खड्डे टाळायचे, नाहीतर खड्ड्यात चपटे दगड भरून मग जायचं. दगड भरण्यात कमीपणा वाटतो अशा माणसाला आम्ही फेरीला नेत नाही, मग गाडी कितीही लाखांची असो.

ज्यांच्या गाड्या पुढच्या चाकांवर चालतात, आणि हल्ली दिसायला एसयूव्ही असलेल्या बहुतेक तशाच असतात, त्यांना एकच सांगणं : सैल मातीचा चढ टाळा. चढावर वजन मागे जातं, पुढची चाकं हलकी होतात आणि घसरतात. बाकी पाणंदीला, शिवरस्त्याला खुशाल या.

आणि त्या ग्रुपला सोडा. तुमच्यासारखे आणखी चार जण शोधा.

आम्ही पुण्यात नोकरी करणारे सहा मित्र. उपग्रहाच्या नकाशावर पुरंदर, बारामतीकडे भरपूर ओसाड माळ दिसतो. तिथे जायला कोणाची परवानगी लागते? वाट कशी ठरवायची? — हिंजवडीतले सहा

‘ओसाड’ हा शब्द पहिल्यांदा पुसून टाका. महाराष्ट्रात बेवारस जमीन नसते. तुम्हाला वरून जो तांबूस-करडा पट्टा दिसतो, तो कुणाची तरी पड जमीन असेल, गावचं गायरान असेल किंवा वनखात्याचं कुरण असेल. कुंपण नाही म्हणजे मालक नाही असं नव्हे. वनखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय गाडी घालणं हा गुन्हा आहे, आणि अभयारण्य असेल तर प्रकरण 1972 च्या वन्यजीव कायद्यावर जातं. मग जामीन कोण देणार, तेही फेरीच्या यादीत लिहून ठेवा.

आम्ही वाट ठरवतो ती अशी. आधी दोघं-तिघं त्या गावी जातो. एसटी स्टँडवर चहा पितो, पोलीस पाटलांचं घर विचारतो. त्यांना आणि सरपंचांना सांगतो की अमुक तारखेला सहा गाड्या येतील, सकाळी आठ ते बारा, दारू नाही, शर्यत नाही, आणि जेवण तुमच्या गावातल्याच कुणीतरी करून द्यायचं, पैसे आम्ही देऊ. हे शेवटचं वाक्य फार कामाचं. पिठलं-भाकरी, ठेचा, वर ताक. गावाला चार पैसे मिळतात आणि आम्हाला माणसं ओळखीची होतात. गट नंबर कळला की सातबारा ऑनलाइन बघता येतो. जमीन खासगी असेल तर मालकाला समक्ष भेटतो. फोनवर ‘या हो, काय हरकत नाही’ म्हणणारा माणूस प्रत्यक्षात भाऊबंदकीत अडकलेला असतो, आणि तुम्ही नेमके त्याच्या चुलतभावाच्या बांधावर उभे असता.

मग ती वाट पायी चालायची. सगळी. हातात काठी घेऊन. लोक मला हसतात, पण फेरीची खरी मजा मला याच दिवशी येते. ओढ्यात काठी घालून खोली बघायची. काळ्या जमिनीचा पट्टा कुठे लागतो ते बघायचं, कारण मुरमावर पावसानंतर दोन दिवसांत जाता येतं, काळी माती आठवडाभर सोडत नाही. चाकाला लापशीसारखी चिकटते आणि टायरची नक्षी बुजवून टाकते. गाडी वळवायला जागा कुठे आहे ते टिपून ठेवायचं. पुढे वाट बंद झाली तर सहा गाड्या एकामागून एक रिव्हर्समध्ये आणाव्या लागल्यात आम्हाला, 700 मीटर, ती संध्याकाळ विसरत नाही. मोबाइलला रेंज कुठे येते आणि जवळचं ग्रामीण रुग्णालय किती अंतरावर, हेही त्याच वहीत. धनगर भेटला तर त्याच्यापाशी बसायचं. त्याला जेवढ्या वाटा माहीत असतात तेवढ्या कुठल्याच नकाशात नसतात.

आता टिटवीचं सांगते. पायी चालायचा नियम आम्ही तिच्यामुळे केला. मार्चमधली गोष्ट, पायी बघणी न करताच गेलो होतो. माझी जिप्सी पुढे. अचानक एक टिटवी बोनेटसमोर येऊन किंचाळायला लागली, उडेना, हटेना. हॉर्न दिला तरी पंख पसरून तिथेच. मी वैतागून उतरले. डावीकडच्या पुढच्या चाकापासून दोन हातांवर, नुसत्या खड्यांत, चार अंडी होती. टोकं आत करून मांडलेली. रंग असा की नजर एकदा हलली तर पुन्हा सापडत नव्हती. माझ्या मागे पाच गाड्या होत्या. आम्ही सगळ्या गाड्या आल्या वाटेने मागे घेतल्या. टिटवीसारखेच चंडोल, धाविक हे पक्षीही माळावर उघड्यावरच अंडी घालतात, आणि ते एवढी आरडाओरड करत नाहीत. तेव्हापासून मार्च ते पहिला पाऊस आम्ही माळ बंद ठेवतो. शिवाय त्या दिवसांत गवत वाळून कोळ झालेलं असतं. उंच गवतात गाडी उभी केली आणि तापलेला सायलेन्सर त्याला टेकला, तर आग लागायला काडी लागत नाही.

आणखी तीन जागा डोक्यातून काढून टाका. एक, कास. 2012 पासून ते जागतिक वारशात आहे, आणि नसतं तरी त्या इंचभर मातीवर चाक घालायचं नसतं. दोन, रत्नागिरी-राजापूरकडचे सडे. नुसता कातळ दिसतो, वाटतं इथे काय खराब होणार? त्याच कातळावर हजारो वर्षांपूर्वी कोरलेली हत्ती-माशांची चित्रं आहेत, आणि पुष्कळ जागी मातीने बुजलेली असल्याने चाकाखाली काय आहे ते कळतही नाही. तीन, समुद्रकिनारा. दर सुट्टीत कुणीतरी भरतीच्या रेषेखाली गाडी नेतो, वाळू ओली होते, चाक बसतं, आणि मग गावकरी ट्रॅक्टर आणेपर्यंत लाटा दारातून आत. नंतर गुन्हाही दाखल होतो. खाऱ्या पाण्यात बुडालेल्या गाडीच्या वायरिंगबद्दल मला पत्र पाठवू नका, त्यावर इलाज नाही.

मी 14 वर्षं गाडी चालवते. पण ग्रुपमध्ये गेलं की माझ्या गाडीत ‘वहिनी, अवघड जागा आहे, मी काढून देतो’ म्हणत कुणीतरी घुसतं. काय करू? — एक वहिनी, कोल्हापूर

किल्ली खिशात ठेवून खाली उतरा.

आमच्याकडे एक नियम आहे : गाडी ज्याची किंवा जिची, स्टिअरिंगवर तीच व्यक्ती. खालून दाखवणारा फक्त एक. बाकीच्यांनी तोंड बंद ठेवायचं. दाखवणारा समोर उभा राहून हाताने डावं-उजवं सांगतो, कारण तोंडी ‘डावीकडे’ म्हटलं की तुझी डावी का माझी, इथून सुरुवात होते. सहा जण सहा बाजूंनी ओरडायला लागले तर मी इंजिन बंद करते आणि थर्मास काढते. दोन वेळा केलं की लोक शिकतात. तुम्हीही एकदा दाखवणारी व्हा. ‘वहिनी’ म्हणून मध्ये घुसणारा बाप्या तुमच्या हाताच्या इशाऱ्यावर डावी-उजवी करत दगडातून गाडी काढतो, तेव्हाचा त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

फेरीसाठी दरडोई 1500 रुपये घ्यावेत असं ठरतंय. शेवटी सर्वात कमी वेळात वाट पार करणाऱ्याला बक्षीस. विमा, कायदा यांची काही अडचण? — संभाजीनगरहून एक आयोजक

अडचण बक्षिसाची. तुमच्या गाडीच्या पॉलिसीतल्या अटी बारीक अक्षरांत वाचा. संघटित शर्यत, वेगाची चाचणी असल्या प्रकारांत झालेलं नुकसान विम्यात बसत नाही. घड्याळ लावलंत की तुमची फेरी शर्यत झाली, आणि चेंबर फुटलं तर खर्च खिशातून. आम्ही वेळ मोजतच नाही. उलट जो सगळ्यात हळू, त्याची गाडी पुढून दुसरी ठेवतो, म्हणजे वेग आपोआप त्याचा राहतो.

खर्च वाटून घ्या, नफा काढू नका. हिशेब त्याच संध्याकाळी सगळ्यांना पाठवा. पांढऱ्या पाटीच्या गाडीत पैसे घेऊन माणसं बसवायची नाहीत. पुढच्या लोखंडी गार्डवर केंद्राने डिसेंबर 2017 मध्येच हरकत घेतली आहे, आणि कंपनीने दिलेल्या रचनेत मूलभूत फेरफार चालणार नाहीत हे सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये सांगून टाकलंय. त्यामुळे फुगीर टायर आणि उचललेली गाडी घेऊन कुणी आला तर त्याची जबाबदारी त्याच्यावर. सोप्या फेरीला त्याची गरजही नसते. आमच्या सगळ्या फेऱ्या शोरूममधून आली तशी गाडी घेऊन होतात.

रुतलेली गाडी ओढताना कोणती काळजी घ्यावी? — नाशिकहून जिम्नीवाला

आधी फावडं. दहापैकी सात वेळा चाकापुढची माती उपसून, खाली दगड नाहीतर पोतं घालून, हवा आणखी चार पॉइंट कमी करून गाडी आपली आपण निघते. चाक जागच्या जागी फिरायला लागलं की अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढायचा. तो दाबून ठेवणारा स्वतःच्या गाडीची कबर खणत असतो.

ओढायचीच वेळ आली तर माझी चूक ऐका. 2015 मध्ये मी एकाची बोलेरो ओढायला साधा नायलॉनचा दोर घेतला आणि तो माझ्या गाडीच्या मागच्या ट्रेलर जोडायच्या गोळ्याला अडकवला. झटका दिला. दोर तुटला नाही, गोळाच तुटला. तो लोखंडी गोळा बोलेरोची पुढची काच फोडून मागच्या सीटवर जाऊन पडला. आत फक्त चालवणारा होता, तो उजवीकडे. डावीकडे कुणी असतं तर मी आज हे सदर लिहीत बसले नसते. तो गोळा अजून माझ्या गॅरेजच्या फळीवर आहे. नवा माणूस ग्रुपमध्ये आला की त्याच्या हातात देते, वजन कळावं म्हणून.

म्हणून : गोळ्याला कधी नाही. कंपनीच्या हूकला किंवा चॅसीवरच्या जागेला, शॅकल (पट्टा अडकवायची लोखंडी कडी) लावून. ताणला जाणारा पट्टा वेगळा आणि नुसता ओढायचा पट्टा वेगळा, झटका फक्त पहिल्याने द्यायचा. पट्ट्याच्या मध्यावर एक जाड घोंगडं टाकायचं, तुटलाच तर ते त्याला खाली पाडतं. पट्ट्याच्या लांबीच्या दीडपट अंतरात कुणीही उभं राहायचं नाही. मोबाइल घेऊन व्हिडिओ काढणारे आधी लांब पाठवा, ते सगळ्यात जवळ येतात.

पाण्याबद्दलही विचारलंय तुम्ही. जिथून मी चालत जात नाही, तिथून गाडी नेत नाही. वाहतं पाणी गुडघ्याला लागलं की मागे फिरायचं. थारला कंपनी 650 मिलिमीटरपर्यंत पाण्यातून जाते म्हणते, पण तो आकडा साचलेल्या पाण्याचा समजा. ओढ्याचा जोर त्यात धरलेला नाही. आणि पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारू नका. आत पाणी ओढलं गेलं असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. ढकलून बाहेर काढा, एअर फिल्टर उघडून बघा, ओला असेल तर सरळ गॅरेज.

शारजात आम्ही मराठी मंडळी शुक्रवारी वाळवंटात जातो. तिथे टायरमध्ये 15 ठेवतो. सुट्टीत गावी येऊन थार चालवली तर तेच चालेल ना? — आखातातला एक सोलापूरकर

नाही चालणार. तुमच्या वाळूत दगड नसतात. आमच्या माळावर वाळू नसते. 15 हवेत इथल्या खडकावर चाक आपटलं तर रिम वाकते आणि टायरच्या कडेला चिमटा बसून तो फाटतो. 22 ठेवा. येताना तुमच्याकडचा चांगला पंप मात्र घेऊन या. दोन आणलेत तर एक आम्ही विकत घेऊ.

बाई, तुम्ही गाड्यांच्या सहलींचं कौतुक लिहिलंत म्हणून हे पत्र. आमच्या गावाने डोंगराच्या उतारावर श्रमदान करून समतल चर खोदलेत. म्हातारी माणसं, शाळेची पोरं, सगळे होते. गेल्या महिन्यात शहरातून आलेल्या पाच-सहा जीपांनी सरळ चरांवरून वर चढाई केली. वरंबे दबले. खाली माझ्या शेताचा बांधही एका जागी फोडला. विचारायला गेलो तर एकाने 500 ची नोट पुढे केली. मी घेतली नाही. — माण तालुक्यातला एक शेतकरी

दादा, ती मंडळी आमची नव्हती, पण तेवढं म्हणून मला हात झटकता येणार नाहीत. असल्या फेऱ्यांची हौस मीच इथे लिहून पसरवते.

शहरातल्या वाचकांना आधी कळू दे की बिघडलं काय. समतल चर म्हणजे उताराला आडवी खोदलेली लांब नाली. तिची माती खालच्या बाजूला वरंबा करून रचतात. पाऊस उतारावरून धावत येतो, नालीत थांबतो, जमिनीत मुरतो. गाडी उतारावर उभी चढली की वरंबा दोन जागी चाकाएवढा दबतो. दिसायला काही नाही, वीतभर खाच. पण पाण्याला तेवढीच फट पुरते. पुढच्या पावसात त्या चरातलं सगळं पाणी त्या खाचेतूनच जातं, खालच्या चरावर दुप्पट जोराने पडतं, तोही फुटतो, आणि चाकांनी पाडलेल्या दोन चाकोऱ्या दोन-तीन पावसाळ्यांत घळ होऊन बसतात. बांधाचंही तसंच. या दिवसांत रानात ज्वारी असते आणि तिला पुढे पाऊस नसतो, जमिनीतल्या ओलीवर येते ती. पुढच्या वळवात बांध त्याच जागी फुटला की माती वाहून गेली. ती 500 रुपयांत येत नाही.

आमच्या फेरीत एक गोष्ट आता लिहून काढली आहे : उतारावर आडवी रेघ दिसली, मग ती नाली असो, दगडाचा बांध असो की नुसती मातीची ओळ, चाक तिच्यावर जाणार नाही. चढ किती का मोहाचा असेना. ज्यांना चढाईच करायची आहे त्यांनी दगडखाणीचा मालक गाठावा, बंद पडलेल्या खाणी पुष्कळ आहेत.

दादा, वरंबा पुन्हा घालायचा तर माती ओलसर असताना घालावा लागेल, म्हणजे उशीर करून चालणार नाही. संपादकांकडे तुमचं गाव आणि फोन नंबर कळवून ठेवा, अंकात छापणार नाही. येत्या दुसऱ्या रविवारची आमची भेट रद्द केली आहे. आम्ही नऊ जण आहोत. फावडी सहा, घमेली चार, पहार एक. कुदळी तुमच्याकडून लागतील. गाड्या गावाबाहेर डांबरीवर लावून वर चालत येऊ.

भाकरी बांधून आणतोय, जेवणाचं काही करू नका. चहा मात्र घेऊ.